पाडव्याचा पाला रोहूला

सकाळ झाली तरी हाप्यात अंड्यांचा पत्ता नव्हता. हापा म्हणजे पाण्यात बांधलेली मच्छरदाणीसारखी पेटी. रोहू माशाच्या माद्यांना हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं, नरांसोबत हाप्यात सोडायचं, की पहाटेपर्यंत अंडी पडतात. नातेपुत्याजवळच्या दादासाहेबांच्या हॅचरीत रोहू नुसते फिरत होते.

"मॅडम, इंजेक्शन डुप्लिकेट हाय," दादासाहेब म्हणाले.

मत्स्यतज्ज्ञ म्हणून मी गावोगाव फिरते. सगळीकडे दोष आधी इंजेक्शनलाच देतात.

"त्याच बॅचनं काल कुंभारीच्या हॅचरीत अंडी पडली," मी म्हटलं.

नराचं पोट दाबलं. मिल्ट, म्हणजे नराचं पांढरं बीज, थेंबभरही आलं नाही. मग एक मादी कापली. हंगामात अंडाशयानं पोट भरलेलं हवं. हे वाळक्या शेंगेएवढं, आतली अंडी विरत चाललेली.

"पाण्यात काय टाकता?"

"काय न्हाय. केमिकलला तर शिवत बी न्हाय आमी."

फाटकावर तसा बोर्डच होता, 'शंभर टक्के नैसर्गिक'. बोर्डाखाली पिंप होतं, त्यात हिरवं, उग्र वासाचं पाणी. माशांना उवा, म्हणजे अंगाला चिकटणारे किडे, झाल्या म्हणून कडुलिंबाचा पाला उकळून तो अर्क पाडव्यापासून रोज तळ्यात पडत होता.

"लिंब हाय की, मॅडम. पाडव्याला आमी खातो, लेकरांना बी देतो."

"तुम्ही दोन पानं गुळाबरोबर खाता. हे मासे पाडव्यापासून त्यात पोहतायत."

उवा मारण्यापुरता अर्क ठीक. रोज ओतला की माशांची अंडाशयं आणि वृषणं खंगतात. मासा मात्र खातो, फिरतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

दादासाहेब काठावर बसले. पंचक्रोशीतल्या शेततळ्यांना त्यांनी बीज, म्हणजे माशांची पिल्लं, कबूल केलं होतं. "आवंदा लोकांना काय सांगू?"

मला वाईट वाटलं. रागही आला. गेल्या वर्षी मत्स्यशेतकऱ्यांच्या मेळाव्यात याच माणसानं माइकवरून मला सुनावलं होतं, 'तुमी केमिकलवाले सगळं नासवता.'

"पिंप बंद करा, पाणी बदला. पुढच्या हंगामापर्यंत काही मासे सावरतील. यंदा बीज बाहेरून आणा."

त्यांनी आणलं. ज्या हॅचरीला ते नावं ठेवायचे, तिथूनच.

नंतर गेले तेव्हा पिंप रिकामं होतं, बोर्ड जागच्या जागी. मी तिकडे बघतेय हे पाहून दादासाहेब म्हणाले, "ऊ मात्र एक बी राहिली न्हाय, मॅडम."

खरं होतं ते. तेव्हापासून कुणी 'नैसर्गिक हाय' म्हणालं, की मी आधी पिंप कुठंय ते बघते.