दरफाळणीला दार उघडत नाहीत

माझ्या आईचा एकच हट्ट होता, आणि तो मी तिच्या हयातीत मोडला. ती गेल्यावर तरी तो पुरा करायचा, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावरून भाऊ रागावला, सोसायटीचे चेअरमन रागावले, आणि ऐन दसऱ्याला माझ्या दाराशी माणसं पहार घेऊन उभी राहिली. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

आम्ही बेने इस्राएल. "म्हणजे कोण?" हा प्रश्न या शहरात मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर झोपेतही देईन. ख्रिश्चन का? नाही. मग मुसलमान? नाही हो. ज्यू. यहुदी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठीच बोलणारे ज्यू. बाबा रेल्वेत होते, बदलीवर इथं आले आणि शहर आवडलं म्हणून इथंच राहिले. एवढं सगळं सांगून झालं की समोरचा कौतुकानं म्हणतो, "पण मराठी किती छान बोलता तुम्ही!" मग काय बोलू, अरबी? तीस वर्षं याच शहरातल्या पोरांना भूगोल शिकवला मी, तोही मराठीतून.

आमच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे दरफाळणीचा सण. दार लावून घ्यायचा सण. पुस्तकात त्याला योम किप्पूर म्हणतात, आई कधी म्हणाली नाही. आदल्या संध्याकाळी दार लागतं ते दुसऱ्या दिवशी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, अंगावर पांढरे कपडे, वर्षभर केलेल्या चुकांची माफी मागायची, आणि बाहेरच्या माणसाशी एक शब्दही बोलायचा नाही. पुण्या-मुंबईकडे आता सगळे सिनेगॉगमध्ये जाऊन बसतात. इथं सिनेगॉग नाही, त्यामुळं आमच्याकडे जुनी रीत तशीच राहिली.

त्या रीतीबरोबर एक समजूतही राहिली. सणाच्या आदल्या दिवसाला आई मालमा म्हणायची. मालम्याला घरातली गेलेली माणसं परत येतात, असं तिचं म्हणणं. त्यांच्यासाठी ताट वाढायचं, पुऱ्या, घाऱ्या, तळलेली कलेजी. ऊद जाळायचा आणि एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग दार लावायचं. ती माणसं रात्रभर आणि दुसरा दिवसभर घरात असतात, आणि चांदण्या दिसल्यावर दार उघडलं की जातात. मधेच दार उघडलं तर मधेच जातात. आता हे कुठल्या धर्मग्रंथात आहे ते मला विचारू नका. नसणारच. आईच्या आईनं तिला सांगितलं होतं, बस्स.

मी अर्थात हसायचे. भूगोलाची बाई ना मी! बाबा गेले त्या वर्षी दरफाळणी नेमकी दसऱ्याला आली. आमचंही पंचांग चंद्रावरच चालतं, त्यामुळं हे दोन सण अधूनमधून एकाच दिवशी येतात. भर दुपारी माझ्या वर्गातल्या चार मुली आपट्याची पानं घेऊन आल्या. बेल वाजवतायत, "बाई, बाई" करतायत. आईनं मानेनं नको म्हटलं. मी म्हटलं, पोरी उन्हातून आल्यात, काय मेलं होतंय, आणि दार उघडलं. सोनं घेतलं, हातावर साखर ठेवली, दोन मिनिटांत दार लावलं. वळून बघते तर आई बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलेली. ओरडली नाही. "त्यांना संध्याकाळपर्यंत राहायचं होतं गं," एवढंच म्हणाली आणि लहान मुलासारखी रडली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि माफी मागायला माझी जीभ रेटली नाही. माफीच्याच दिवशी, बघा.

आई गेल्या हिवाळ्यात गेली. पुण्याला नेऊन तिला बाबांशेजारी पुरली, कारण आमचं कबरस्तान इथं नाही. पहिली दरफाळणी आली तीही दसऱ्यालाच. आठवडाभर आधी धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला.

"ताई, तू इकडं ये. सिनेगॉगमध्ये हजान प्रार्थनेत आईचं नाव घेतील, दहा माणसं असतील, तिच्यासाठी कद्दीश म्हटला जाईल. तिथं एकटी दार लावून काय करणार आहेस?"

"आई यायची आहे," मी म्हटलं.

"काहीतरीच काय! तूच म्हणायचीस ना, हे सगळं थोतांड आहे?"

"म्हणायचे. अजूनही म्हणेन."

"मग?"

"मग काही नाही. आई चाळीस वर्षं या घरात राहिली. पुण्यात ती फक्त पुरलेली आहे. यायचं झालं तर कुठं येईल?"

"ताई, तू साठीला टेकलीस, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. पाण्याशिवाय एकटी बसणार, आणि काही झालं तर?"

"तर पुढच्या वर्षी माझंही ताट वाढ," म्हटलं आणि फोन ठेवला. त्याची काळजी खोटी नव्हती, मला कळत होतं. पण एकदा मी पाय रोवला की रोवला.

मालम्याच्या सकाळी शहागंजच्या बाजारात गेले. आईचा कलेजीवाला ठरलेला. त्यानं मला ओळखलं आणि विचारलं, "अम्मा कैसी हैं अब?" वर्षभर हा प्रश्न मी कुणाकुणाकडून झेलला होता, पण त्याला मी नुसतं वर बोट दाखवलं. त्यानं कलेजी साफ करून दिली, आईला लागायची तशी, पातळ कापून. घरी येऊन घाऱ्या केल्या. पहिला घाणा करपला. आईनं मला कधी ओट्याशी फिरकू दिलं नव्हतं, आणि मीही कधी हौस दाखवली नव्हती.

खालच्या मजल्यावर एक बाई राहते, डबे करून देते. दौलताबादजवळच्या एका वाडीतली, माहेरी अजून मेंढरं आहेत. आईला शेवटचं वर्षभर तिनंच अंघोळ घातली. तिला मी सगळं सांगून ठेवलं, की उद्या दार वाजवायचं नाही, मी बोलणार नाही, घाबरायचं नाही. ती म्हणाली, "मला काय सांगता बाई, आजींनी समदं शिकवलंय. पर मी दसऱ्याला माहेरी जाणार, दुपारच्याला येते." दारावर मी कागदही चिकटवला, मोठ्या अक्षरात: आज दार उघडणार नाही, काळजी नसावी.

सूर्य उतरायला लागला तसं ताट वाढलं, ऊद जाळला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. पणजोबांपासूनची सगळी नावं मला पाठ होती, दर वर्षी ऐकून ऐकून. बाबांपर्यंत आले आणि थांबले. त्यापुढचं नाव या यादीत मी कधी ऐकलं नव्हतं, कारण यादी म्हणणारी आईच होती. तोंडातून फुटेना. शेवटी चिडले, स्वतःवर, तिच्यावर, सगळ्यावरच, आणि ओरडूनच तिचं नाव घेतलं. मग दाराला कडी घातली, फोन बंद केला आणि पांढरी साडी नेसून बसले.

रात्र बरी गेली. सकाळी जिन्यात गडबड सुरू झाली, झेंडूचे हार, पोरांची धावपळ. सोसायटीनं सगळ्यांच्या दारांना तोरणं बांधायचं ठरवलं होतं. माझ्याही दाराला कुणीतरी बांधलं, हौसेनं भरगच्च, आणि माझा कागद गेला त्या झेंडूंच्या मागं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की भर दुपारी बेल वाजतेय. एकदा, दोनदा, दहादा.

"टीचर! अहो टीचर!" चेअरमनांचा आवाज. जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेला, नियमाला धरून चालणारा, भला माणूस. "सोनं द्यायला आलोय!"

मी गप्प. पाच मिनिटांत जिन्यात पंधरा माणसं जमली असावीत. फोन बंद लागतोय. दूध बाहेरच आहे. कालपासून कुणी बघितलं नाही. आणि मग, काय सांगू तुम्हाला, मी माझ्या खुर्चीत बसून माझीच शोकसभा ऐकली.

"एकट्या बाईचं काय सांगता येतं."

"आई गेल्यापासून खचल्याच होत्या."

"तशा तापट, पण मनानं वाईट नव्हत्या हो."

नव्हत्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "वास येतोय का बघा." येत होताच, उदाचा! त्यावरही चर्चा झाली. मग चेअरमन गंभीर आवाजात म्हणाले, "आता दार तोडण्यावाचून इलाज नाही. वॉचमनकडून पहार मागवा."

एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. "जिवंत आहे, जा घरी." पण आईची रीत म्हणजे रीत. बोलायचं नाही म्हणजे नाही. मी या रीतीतलं काही मानत नाही, हे खरं. आणि ती एकदा मोडली तेव्हा आई जमिनीवर बसून रडली, हेही खरं. यातलं कुठलं जास्त खरं, याचा निकाल लावायला मला त्या दिवशी वेळ नव्हता. बाहेर लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात धावले, लाटणं घेतलं आणि दारावर आतून दणादण हाणलं.

मग कुणीतरी किंचाळलं, "आत कुणीतरी आहे!"

कपाळाला हात लावला मी. आत कुणीतरी आहेच की, घर माझंच आहे! पण आता त्यांना वाटलं चोर शिरलाय. पहार दाराच्या फटीत घुसली, कडी हलली. मी पाठ दाराला लावून, पाय फरशीवर रोवून उभी राहिले. उपाशीपोटी, तहानेनं जीभ टाळूला चिकटलेली, साठीची बाई. मनात म्हटलं, तोडा. तोडलंत तरी मी इथून हलत नाही. माझी आई घरात आहे आणि तिला संध्याकाळपर्यंत राहायचंय. हो, मी असंच म्हटलं, अगदी या शब्दांत. थोतांड म्हणणारी मी.

तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत आवाज आला. "ओ सायेब! हात काढा दाराचा! काढा म्हनते ना!" खालची आली होती, बसमधून उतरून तशीच वर.

"अहो पण आत चोर..."

"चोर नाय नि बीर नाय. बाईंचा सण हाय. त्या आज बोलत नायत. हितं कागद लावलाय, दिसत नाय व्हय?" तोरण बाजूला सारल्याचा आवाज. कागद वाचत असावेत.

"दसऱ्याच्या दिवशी बंद दार," चेअरमन शेवटी म्हणाले, "बरं नाही दिसत. शिवाय कमिटीला लेखी कळवायला हवं होतं." पण पहार निघाली. पावलं खाली गेली. ती मात्र गेली नाही. दाराला टेकून बसली असावी, कारण आवाज खालून यायला लागला. "बाई, बऱ्या हात का? एकदा वाजवा." मी लाटण्यानं एकदा वाजवलं. मग मीही आतून तशीच बसले, दाराला पाठ लावून. ती माहेरच्या मेंढरांचं सांगत राहिली, भावजयीची कागाळी करत राहिली, आई तिला अंघोळीच्या वेळी कशी शिव्या घालायची त्याची नक्कल करत राहिली. मी तोंडावर पदर दाबून हसले. उत्तर द्यायचं नव्हतं, याचं मला बरंच वाटलं.

ऊन उतरलं. मी गॅलरीच्या काचेतून बघत राहिले. एक चांदणी, मग पाण्याच्या टाकीवर दुसरी. तिसरी दिसली तेव्हा मी जिंकले होते. भाऊ, चेअरमन, पंधरा माणसं आणि एक पहार, सगळ्यांना पुरून उरले होते. दार उघडायला गेले, कडीवर हात ठेवला, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की सबंध दिवस मी कशासाठी भांडत होते. आता दार उघडलं की आई जाणार.

किती वेळ तशी उभी होते, माहीत नाही. बाहेरून खालची म्हणाली, "बाई, चांदण्या दिसल्या. उघडा आता. पाणी आणलंय."

उघडलं. जिन्यात पुन्हा माणसं होती, चेअरमन आपट्याची पानं घेऊन पुढं, ओशाळलेले. "सोनं घ्या टीचर," म्हणाले. मी घेतलं, पण "आत या" म्हटलं नाही. दोन्ही हात चौकटीला लावून मी दारात आडवी उभी होते. खालचीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, माझ्याकडं बघितलं, आणि तिला कळलं. तिनं आईला वर्षभर उचललं होतं, तिला कळणारच.

"सरका जरा बाई," ती हळू म्हणाली. "आजींना जाऊ द्या."

मी सरकले नाही.