प्रधान सरांच्या खिशातल्या बिया

खजूर खाल्ला की प्रधान सर बी टाकून देत नसत. रुमालाने पुसून खिशात ठेवत. बहारीनच्या विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर बियांचं गोल कडं मांडलं. ना नाव विचारलं, ना गाव. "यातल्या तीन रंगवायच्या. किती तऱ्हांनी जमेल, सांग बघू. अगं, मोजू नकोस लगेच. आधी बघ तरी!"

संभाव्यता आणि मांडण्यांचं गणित, एवढाच त्यांचा संसार. हमद टाउनच्या राउंडअबाउटवर कुठली गाडी कुठून बाहेर पडेल याचे अंदाज बांधण्याच्या नादात ते स्वतःचाच रस्ता चुकवत आणि पुन्हा फेरी मारत. शेजारी मी जीव मुठीत धरून. "सर, घर!" "हो गं, पण ती पांढरी गाडी बघ ना."

माळेतल्या मण्यांविषयीचा एक सिद्धांत त्यांनी वर्षानुवर्षं उराशी बाळगला होता. निवृत्ती आली, म्हणजे व्हिसाही संपला. जायच्या आधी तो सिद्ध करून दाखवायचाच, म्हणून निरोपाच्या व्याख्यानात त्यांनी फळा भरून टाकला. प्रत्येक माळेची तिच्या आरशातल्या रूपाशी जोडी लावायची, यावर सगळी सिद्धता उभी होती.

इथल्याच मरियम नावाच्या विद्यार्थिनीने हात वर केला. "डॉक्टर, आरशातही तशीच दिसणारी माळ असली तर? तिला जोडी कुठून आणायची?" तिने हातातलं मण्यांचं कडं काढून उलटं धरलं. ते होतं तस्संच दिसलं.

मला तर तिचा असा राग आला! बाई गं, आजच सुचायचं होतं? सरांचा चेहरा पडला, खडूचा हात खाली आला. मग त्यांनी ते कडं मागून घेतलं, उलटलं, सुलटलं, पुन्हा उलटलं, आणि हळूहळू त्यांचे डोळे चमकायला लागले. "खलास!" ते म्हणाले. "हे मला इतकी वर्षं कसं दिसलं नाही?" आणि स्वतःच फळा पुसला.

विमानतळावर मला रडू आवरेना. "सर, फार वाईट वाटलं असेल ना?"

"वाटलं गं. त्या दिवशी जेवण गेलं नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मरियम. जोडी नसलेल्या माळा आधीच बाजूला काढल्या तर वाट निघतेय, असं काहीतरी ती घाईघाईने सांगत होती. विमानाची शेवटची हाक झाली. खिशातल्या बिया माझ्या ओंजळीत ओतून सर निघाले, फोन कानालाच. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी. "यल्ला, चल मरियम, मग पुढे?" एवढंच मला ऐकू आलं.