पोपटनानांना येणाऱ्या मेल

पोपटनाना एसटीत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर ओतूरच्या स्टँडसमोर माझ्या सायबर कॅफेत रोज सकाळी हजर. मुलगा राजरत्न बंगळुरूला कॉम्प्युटर इंजिनिअर. लग्नावरून बापलेकाचं बिनसलं, आणि २००२ पासून ना फोन, ना पत्ता.

जगाला फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर तो काम करतो, हे मीच इंटरनेटवर हुडकून काढलं. त्यात कुणीही काही बदललं की मागेल त्याला आपोआप मेल जायची: कुणी बदललं, कधी, काय. मी नानांचं नाव तिथं घातलं. राजरत्नाची मेल आली की नाना चष्मा पुसत पुढे सरकायचे.

"काय लिवलंय?"

"चूक दुरुस्त केली, असं लिहिलंय."

"आमच्यासारकंच हाय राव! बिघडलं की खाली घुसायचं."

मग घरी जाऊन द्रौपदाकाकूंना सांगायचे, पोरगं बरं हाय. तेवढ्यावर दोघांचा दिवस निघायचा.

२००५ मध्ये काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. नाना धापा टाकत आले. "त्याला कळव. आई लई आजारी हाय, आसशील तसा निघ म्हणावं."

मी मोठ्या ऐटीत राजरत्नाच्या शेवटच्या मेललाच उत्तर लिहून धाडलं. शहाणाच ना मी!

पुढचे चार दिवस त्याच्या मेल येतच होत्या. हे दुरुस्त केलं, ते दुरुस्त केलं. नाना ऐकून घरी जायचे. काकू सारख्या विचारायच्या, तेव्हा शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "निरोप पोचलाय त्याला. कामात हाय." काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

पंधरवड्याने त्या मेलच्या तळाची बारीक अक्षरं मी पहिल्यांदा नीट वाचली. हा पत्ता यंत्राचा आहे, इथं आलेली उत्तरं कुणी वाचत नाही. तसाच नानांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेलो होतो.

"म्हंजी पोरानं वाचलंच न्हवतं?"

"नाही, नाना. माझी चूक झाली."

"तरीच! माझं पोरगं तसं न्हाईच." कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. ते लगबगीनं उठले, आतल्या दारापर्यंत गेले.

"अगं, ऐकलं का..." त्यांनी हाक मारली, आणि उंबऱ्यातच मटकन खाली बसले.