मशीनला हात लावू नये

बाजारात त्याला सगळे खटखट्या म्हणायचे. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा, म्हणून हे नाव पडलं, असं तो स्वतः सांगायचा. बाकीच्यांना विचाराल तर ते गालातल्या गालात हसायचे. दिवसातून एकदा तरी कुणाशी वाजलं नाही, तर या माणसाला अन्न गोड लागत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, "टाका सुटतोय," की हा म्हणणार, "काय सुटतंय ते मशीन सांगेल मला. तुम्ही गप बसा." दुकानात शिरल्याशिरल्या समोरच्या खिळ्यावर त्याच्याच हातानं रंगवलेली पत्र्याची पाटी होती, लाल अक्षरांत: 'मशीनला हात लावू नये. – मालक'. पोटची पोरगी पाच वर्षांची असताना तिनं बॉबिन फिरते कशी ते बघायला आत बोट घातलं, तर तिच्याही हातावर फटका बसला होता. पाटीपुढे सगळे सारखे.

काम मात्र चोख, हे वैरीही कबूल करायचा. त्याची एक रीत होती. कुणी नवंकोरं मशीन जरी आणलं, तरी तो ते आधी उघडणार, कारखान्याचं तेल पुसून काढणार आणि स्वतःच्या कुपीतलं घालणार. "ते तेल नुसतं दाखवायला असतं," तो म्हणायचा. "माझ्या हातचं तेल पोटात गेल्याशिवाय मशीन चालतं, पण टिकत नाही." बावीस वर्षं ही रीत कधी चुकली नव्हती.

तर पोरगी यंदा हायस्कूलला चालली. शाळेनं कागद पाठवला: लॅपटॉप हवा, आणि पहिल्याच दिवशी, सोमवारी, त्याच लॅपटॉपवर परीक्षा. त्यातून तीस मुलं संगणकाच्या खास तुकडीत जाणार, बाकीची साध्या वर्गात. पोरीचा जीव त्या तुकडीत अडकला होता. दोन वर्षं मैत्रिणीच्या घरी जाऊन, तिच्या आईच्या कपाळावरच्या आठ्या सोसत, ती उसन्या लॅपटॉपवर शिकली होती.

"माझ्या भावाला विचारा ना," बायको म्हणाली. "दिवसभर तेच तर काम करतो तो."

झालं! तिचा भाऊ एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. लग्न ठरत होतं तेव्हा हाच मेहुणा चारचौघांत म्हणाला होता, "शिलाई मशीन? त्याचे दिवस संपले आता." त्याला सोळा वर्षं झाली. मेहुणा ते कधीच विसरला होता. खटखट्यानं मात्र ते वाक्य रोज पुसूनपुसून जपून ठेवलं होतं.

"त्याला विचारण्यापेक्षा मी दुकानाला टाळं लावीन."

"अहो, अडला हरी..."

"मी अडलेलो नाही! यंत्र आहे ना ते? मग मला कळतं."

शनिवारी सकाळी बापलेक लॅपटॉपच्या दुकानात गेले. काचेच्या टेबलांवर लॅपटॉप ओळीनं उघडे मांडलेले. विकणारा पोरसवदा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं पाठ केलेलं. "काका, याचा डिस्प्ले बघा, किती पातळ आहे बघा..."

"पापड घ्यायला आलोय का मी? उलटा कर."

"काय?"

"पालथा घाल. पोट बघू दे."

एकेक लॅपटॉप पालथा घातला गेला. खटखट्या वाकून बुडाचे स्क्रू मोजायचा आणि नाक मुरडायचा. "याला स्क्रूच नाही. चिकटवलाय. उद्या बिघडला तर काय नारळासारखा फोडायचा?" मग खिशातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. "उघडून दाखव."

"काका, उघडला तर वॉरंटी जाते."

"म्हणजे आत काय भरलंय ते लपवायला कायदाही केलात! चोर लेकाचे."

आसपासची गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. विकणाऱ्याचे कान लाल झाले. पोरीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. "बाबा, पुरे ना," ती पुटपुटली. "तू गप," तो म्हणाला. "यातलं तुला कळत नाही." दोन वर्षं शिकलेली पोरगी दाराशी जाऊन उभी राहिली. शेवटी त्यानं एक काळा, जाडजूड, अकरा स्क्रूंचा लॅपटॉप निवडला आणि विकणाऱ्याला वर सुनावलं, "बघ, याला म्हणतात यंत्र. तुमच्याकडे चुकून आलंय."

घरी येऊन तिनं तो चालू केला आणि शनिवारभर जागची हलली नाही. झरझर चालत होता. रात्री जेवताना ती आपणहून म्हणाली, "बाबा, चांगला आहे हो." खटखट्यानं बायकोकडे असं बघितलं, की तिच्या सगळ्या माहेराला उत्तर मिळालं.

इथंच थांबला असता तर! पण सुखानं बसेल तो खटखट्या कसला.

रविवारी दुपारी पोरगी मैत्रिणीकडे वही आणायला गेली. लॅपटॉप टेबलावर चालूच होता. आतून बारीक घर्र ऐकू येत होती, पंख्याची. कुणालाही ऐकू आली नसती, पण याचे कान बावीस वर्षं तेच करत आलेले. कोरडा आहे बिचारा, त्याला वाटलं. उद्या पोरीची परीक्षा, आणि मशीन कोरडं! त्यानं लॅपटॉप बंद केला, अकरा स्क्रू काढून क्रमानं बशीत मांडले. पंख्याला चार थेंब. झाकणाच्या दोन्ही बिजागऱ्यांना तीन-तीन, आणि जरा कुरकुरते म्हणून आणखी दोन. फडक्यानं पुसलं, स्क्रू जिथल्या तिथं बसवले. काम इतकं नेटकं, की उघडलं होतं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. त्या दुपारी तो फार खुशीत होता. पोरीसाठी आपल्या हातानं काही केलं, असं त्याला बऱ्याच दिवसांनी वाटलं होतं.

संध्याकाळी तिनं झाकण उघडलं. पडद्याच्या खालच्या कडेनं डाग वर चढत होते, तूप लागलेल्या कागदासारखे. निम्मी बटणं दाबली तर मुकी.

"त्या चोरानं गळ्यात मारला!" खटखट्या ओरडला. "उद्या जाऊन त्याची..."

पोरीनं बोटं नाकाशी नेली. जन्मल्यापासून बापाच्या शर्टाला येणारा तो वास. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बाबा, तेल घातलंत?"

"कोरडा होता."

"माझी उद्या परीक्षा आहे!" तिचा आवाज फाटला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी विचारलं होतं?"

"बापाशी बोलतेस! मी काय तुझं वाईट..."

"पाच वर्षांची होते तेव्हा मारलं होतंत मला! नुसतं बोट लावलं म्हणून!"

त्यानं टेबलावर हात आपटला. पडलो तरी नाक वर. तोवर बायकोनं न विचारता भावाला फोन लावला होता.

मेहुणा आला. लॅपटॉप उघडला, वास घेतला, दाजींकडे बघितलं. खटखट्या छाती काढून उभा. हस, लेका, एकदा हस, म्हणजे तुझं थोबाड फोडायला मी मोकळा. पण मेहुणा हसला नाही.

"दाजी, निवड एक नंबर होती," तो म्हणाला. "मीसुद्धा हाच घेतला असता." मग पाठीवरच्या पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढून भाचीपुढे ठेवला. "हा वापर. मी नवा बघतो माझ्यासाठी."

शिवी दिली असती तर खटखट्यानं ती जन्मभर जपली असती. याचं काय करायचं, ते त्याला कळेना. "चहा घेऊन जा," एवढंच तो म्हणाला, आणि तेही बायकोच्या तोंडाकडे बघत.

सोमवारी त्यानं दुकान उघडलं. कुलूप शाबूत होतं, पण खिळ्यावर पाटी नव्हती. दिवसभर तो चोर शोधत राहिला. समोरच्या शिंप्याशी, चहावाल्याशी, दोघांशीही भांडून झालं. दुपारी बायकोचा फोन आला: पोरगी खास तुकडीत गेली, एकोणिसावी. "मामाला सांगितलं तिनं," बायको म्हणाली. "तुम्हाला मी सांगतेय."

संध्याकाळी तो घरी आला. पोरगी स्वयंपाकघरात आईशी बोलत होती. तिच्या टेबलावर मामाचा लॅपटॉप होता, आणि वर भिंतीवर, नव्या खिळ्याला, त्याची पत्र्याची पाटी. त्याचंच लाल अक्षर. बावीस वर्षांत त्यानं ती आज पहिल्यांदा गिऱ्हाईकासारखी समोर उभं राहून वाचली.

पाटी काढायला त्यानं हात वर केला. स्वयंपाकघरातलं बोलणं थांबलं होतं. दोघी बघत होत्या. लॅपटॉपमधून बारीक घर्र येत होती. त्यानं हात खाली घेतला आणि पँटला पुसला.