वायचकाकूंची लिफ्ट

वायचकाकूंना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्यानं, भाजी निवडणं उभ्यानं, फोनवर मुलाशी बोलणं तर घरभर फिरत. लग्न होऊन काळाचौकीला आल्या तेव्हा सासूची खानावळ होती. गिरणीतल्या माणसांची पंगत बसली की वाढणारीनं बसायचं नाही, हा तिथला नियम. खानावळ गेली, गिरण्या गेल्या, पुढे चाळही पाडली आणि तिच्या जागी आमचा टॉवर आला. काकू मात्र अजून पंगत उठायची असल्यासारख्या उभ्याच होत्या.

त्यांचं खरं नाव सोसायटीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मालवणीत ‘वायच’ म्हणजे जरासं, आणि त्यांचं निम्मं बोलणं त्या एका शब्दावर चालायचं. वायच थांब, वायच बघ, वायच खाऊन जा. स्वतः एका जागी न थांबणारी ही बाई दिवसभर दुसऱ्यांना थांबवत असे, याचं मला हसूही यायचं आणि रागही. कारण माझा स्वभाव उतावळा. चहा उकळेपर्यंत मला धीर धरवत नाही. सकाळी जुईला बालवाडीत सोडून लोअर परळचं ऑफिस गाठायचं, तर घड्याळ माझ्या मानगुटीवरच बसलेलं असायचं.

त्यात जुईनं लिफ्टची धास्ती घेतली. राहायला आलो त्याच आठवड्यात वीज गेली आणि आम्ही दोघी थोडा वेळ अंधारात अडकलो. बाहेर पडलो तेव्हा मी आधी घड्याळ पाहिलं. जुईनं मात्र त्या दिवसापासून लिफ्टचं दार उघडलं की किंचाळायला सुरुवात केली. आम्ही राहायचो चौदाव्या मजल्यावर. साडेतीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन रोज जिना उतरायचा म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. मी समजावलं, चॉकलेट दिलं, एकदा दोन धपाटेही घातले. कशाचा काही उपयोग झाला नाही.

काकू आमच्या समोरच्या घरात एकट्या राहायच्या. टॉवरमध्ये सगळ्यांची दारं बंद, पण त्यांचं दार वरवंटा लावून सताड उघडं ठेवलेलं असे. एका सकाळी जुईचा तमाशा चालू असताना त्या हातात चित्रांचं पुस्तक घेऊन बाहेर आल्या. नातवाचं जुनं पुस्तक, कोपरे त्यानं चावलेले. मुलगा बायकोपोरांना घेऊन बंगलोरला गेला तेव्हा असं खोकंभर मागे राहिलं होतं. काकू सरळ लिफ्टमध्ये शिरल्या, एक पाय दारात अडकवला आणि पुस्तक उघडून जुईकडे धरलं.

“वायच बघ गो बाय. हत्ती खाली चल्लो. येतंस?”

जुई गप्प झाली. चित्रातल्या हत्तीच्या डोळ्यांत पाणी होतं.

“रडता?” तिनं दारातूनच विचारलं. माझ्या आईचं बोलणं ऐकून तिलाही थोडी मालवणी येत होती.

“रडाक नाय तो. मिरची गल्लीतसून इलो. मसालो कुटूक गेल्लो, डोळे चुरचुरतत तेचे. फुडे काय झाला ता खाली गेल्यार सांगतंय.” आणि पाय काढून घेतला. दार मिटलं, हत्ती खाली गेला. जुई बंद दाराकडे बघत राहिली आणि मी घड्याळाकडे.

पुढचे काही दिवस रोज हेच. एक दिवस पाय निघायच्या आत जुई टुणकन आत गेली. मीही मागोमाग घुसले. काकूंनी मजल्यामजल्याला एक पान उलटलं, तेही आधी विचारून, “सगळी बघून झाली? कोपऱ्यातली मुंगी बघलंस? मगे उलटू?” तळमजला आला तेव्हा हत्ती लालबागच्या नाक्यावर शिंकत होता आणि लिफ्टच्या भिंती जुईच्या लक्षातही नव्हत्या. मला तेव्हा काकूंचे पाय धरावेसे वाटले होते. धरले नाहीत, कारण उशीर झाला होता.

ते पुस्तक इंग्रजी होतं. हत्तीचा मित्र हरवलाय म्हणून तो रडतोय, असं चित्राखाली स्वच्छ छापलेलं. मी एकदा तसं सुचवून पाहिलं. काकू म्हणाल्या, “खालचा तुमी वाचा. आमी वरचा वाचतव.” जुईनंही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा त्यात पडले नाही.

बातमी मजल्यामजल्यावर पसरली. संध्याकाळी पोरं लिफ्टपाशी जमू लागली. चौदा मजल्यांत गोष्ट आटोपते हे लक्षात आल्यावर त्यांनी शोध लावला, की आत शिरल्याबरोबर सगळी बटणं दाबायची. मग प्रत्येक मजल्यावर दार उघडणार, काकू तेवढ्यात एक प्रश्न विचारणार, पोरं भांडणार, दार मिटणार. गोष्ट लांबतच जायची. खाली भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळणाऱ्या माणसांचा पारा त्याहून जास्त चढायचा. मीही कितीदा त्यांत असायचे. कुणी कुरकुर केली की काकूंचं उत्तर ठरलेलं, “घाई आसा तेणी जिन्यान जावचा.”

शेवटी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी भला माणूस. त्यानं तळमजल्यावरची खोली देऊ केली, सतरंजी घातली, पंखा लावला. पोरं ओळीनं बसली. काकू पुस्तक घेऊन उभ्या राहिल्या, दोन पानं उलटली आणि चुळबुळायला लागल्या. पोरंही चुळबुळली. काकूंनी पुस्तक मिटलं. “हय गोष्ट खय जातली? बसान रवली नुसती,” म्हणाल्या आणि निघाल्या. मागोमाग सगळी वरात. मग तोडगा निघाला, सामानाची लिफ्ट संध्याकाळी तासभर काकूंची. ती रडतखडत चालायची, त्यामुळे पोरं आणखीच खूष.

हे दीडेक वर्ष चाललं. मग एका सकाळी काकू ओट्यापाशी कोसळल्या. आम्ही धावलो, पण तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांना आडवं पाहणं मला सहन होईना. मुलगा आला, दिवस झाले, घर आवरलं. जाताना त्यानं हत्तीचं पुस्तक जुईच्या हातात दिलं आणि दार ओढून घेतलं.

जुई रडली नाही. पण तिची भीती परत आली. लिफ्टमध्ये यायची ती माझं बोट दुखेपर्यंत आवळून, दुसऱ्या हातात पुस्तक गच्च धरून. मी वाचून दाखवायला लागले की म्हणायची, “तू भराभर वाचतेस. नको.” खरंच होतं ते. पुन्हा जिन्याची वेळ येणार, ही मुलगी आता सावरत नाही, असं मला सारखं वाटत राही. रात्री झोप लागत नसे.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी शेजारच्या आजी त्यांच्या नातवाला, छोट्या ओमला, खाली खेळायला नेत होत्या. जुईही पुस्तक काखेत मारून, आजींचं बोट आवळून त्यांच्याबरोबर गेली. मी घरात वळते न वळते तोच वीज गेली.

मी जिना कशी उतरले, मला आठवत नाही. लिफ्ट सहाव्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकली होती. वॉचमन किल्ली घेऊन दाराशी झटत होता. आतून ओमचं रडणं येत होतं आणि आजींचा देवाचा धावा. मी दारावर हात आपटून “जुई!” अशी हाक मारणार, तेवढ्यात तिचा आवाज आला. अगदी सावकाश.

“ओम, रडाक नाय तो. त्याचे डोळे चुरचुरतत. सगळी बघून झाली? उलटू पान?”

“दिसत नाय,” ओम हुंदके देत म्हणाला.

“मग वास घे. मसाल्याचा. येतो?”

मग ओमनं जोरात नाक ओढल्याचा आवाज आला. “येतो!”

वॉचमननं दार सरकवलं. टॉर्चच्या उजेडात दिसलं, आजी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, ओम त्यांच्या मांडीवर, आणि जुई उभी होती. पुस्तक उघडून त्यांच्याकडे धरलेलं. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हात आत घातले. “ये बाळा, ये लवकर!”

तिनं मानसुद्धा वळवली नाही.

“वायच थांब गो आई. हत्ती अजून घराक पोचूक नाय.”

वॉचमननं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला खुणेनंच दार धरून ठेवायला सांगितलं आणि थांबले.