डब्यातली पाहुणी

शिवाजीनगरहून मॅजेस्टिकच्या मोठ्या बसस्थानकाकडे जाताना सिटी बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसल्या. साठी उलटलेली, केसांत मोगरा, मांडीवर स्टीलचा डबा. दर सिग्नलला झाकण उघडायच्या आणि आत बघून हसायच्या. मी फोनवर मराठीत बोलले, तशा कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "स्वल्प, जरा बघा तरी!"

आत ओल्या काळ्या दगडावर वाटाण्याएवढी समुद्री गोगलगाय होती. कारवारच्या किनाऱ्यावरून त्यांनी कुंडीत ठेवायला दगड आणला होता, त्याच्या खाचेत ही लपून आली. शंखाचं दार लावून पडून होती. मेली असं वाटत असतानाच त्यांनी मिठाचं पाणी शिंपडलं आणि तिनं शिंगं बाहेर काढली.

"आता समुद्रात सोडणार?"

"पाण्यात नाही हो. लाटेचे शिंतोडे उडतात ना, त्या खडकावर हिचं घर."

"एवढ्याशा जिवासाठी कारवारपर्यंत?"

"घरचेही हेच म्हणाले," त्या खुदकन हसल्या. "पण आजवर एकटीनं कुठं गेलेच नव्हते मी. हिला सोडायला कुणीतरी जायला हवंच ना?"

मॅजेस्टिकला उतरल्यावर राहवेना म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेले. कारवारच्या बसमध्ये खिडकी मिळताच त्यांनी आधी मला हात केला, मग चप्पल काढून ऐसपैस मांडी घातली.