अण्णांनी आज कटिंग मागितली

मंडळी, माणसाने केस किती दिवसांनी कापावेत? माझ्या डोक्यावर जे काही शिल्लक आहे ते पाहता वर्षातून एकदा पुरे. पण आमचे वडील, अण्णा, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्या मते पंधरा दिवसांच्या वर गेला तो माणूस एकतर बुवा, नाहीतर पुढारी.

अर्धांगवायू झाल्यापासून मात्र अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. केस कानांवर आले, तरी काही बोलले नाहीत. त्यांनी जगण्यातून लक्ष काढून घेतलंय, ही भीती घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आज सकाळी मी चहा पाजत असताना ते माझ्या मानेकडे बघत राहिले. मग अडखळत म्हणाले, "ह्यो काय अवतार रं? शंकरला बोलव. आधी तुझी, मग माझी."

सोमवार, म्हणजे सलून बंद. तरी शंकर मलकापुरातून कात्री-वस्तरा घेऊन घरी आला.

"आवं अण्णा, मिशी बारीक करू?" त्याने विचारलं.

"हात तर लाव," अण्णा म्हणाले.

पन्नाशीतला मी, बापाच्या हुकमाने मान खाली घालून बसलो होतो. कात्री चालू असताना डोळे पुसता येत नाहीत, हे आज कळलं.

तुमच्या अवतारावरून तुम्हाला झापणारं घरात कुणी आहे का? असेल तर उलट बोलू नका. मी तरी आज बोललो नाही.